थेरडीचं रेडकू

जगेसरला सदरा पाहिजे होता, आणि तो न धुतलेलाच पाहिजे होता.

ही मागणी त्याने दाराबाहेर चपला काढून, गळ्यातल्या तुळशीमाळेला हात लावून, अगदी अदबीने केली. तरी द्रौपदीच्या डोक्यात ती शिरेना. अंगणातल्या दोरीवर तिच्या नवऱ्याचे, सोमाचे, होते नव्हते तेवढे कपडे वाळत होते. सोमा पाय मोडून सरकारी दवाखान्यात पडला तेव्हा बाईने रडारड केली नाही. घरी येऊन आधी चूल पेटवली, मोठ्या पातेल्यात सोडा टाकला आणि त्याचे झाडून सगळे सदरे उकळून काढले. हेंद्रेपाड्याच्या त्या वस्तीत म्हणतात की त्या दिवशी मोरीतून जे पाणी वाहिलं, त्याने गटारातले उंदीर कुटुंबकबिल्यासह बदलापूर सोडून गेले. खरंखोटं उंदरांना माहीत.

"धोया हुआ नहीं चलेगा, भाभी," जगेसर म्हणाला. "महारानी सूँघेगी और मुँह फेर लेगी."

"कोण महाराणी?"

"भैंस, भाभी."

दवाखान्यातून आता घरी येऊन, आत खाटेवर प्लास्टरात पाय घालून पडलेला सोमा हे ऐकून हसला. हसला म्हणजे नाकातून हवा सोडली. जगात हसण्याच्या लायकीची माणसं उदंड, पण त्यांच्यापायी दम कोण घालवणार, असं त्याचं मत होतं.

"तिच्यासमोर भोत ठेवलंय ना?" त्याने आतूनच विचारलं.

"रखा है."

"गूळपाणी लावलं?"

"लगाया. नमक भी लगाया."

"मंग माझा सदरा कशाला? उद्या म्हणशील लेंगा पाठव."

जगेसरने मान खाली घातली. लेंगा त्याच्या मनात होताच.

झालं होतं असं, की सोमा पडल्यापासून उल्हासनगरच्या हासोमल शेठच्या तबेल्यातल्या म्हशी दूध चढवून बसल्या होत्या. कासा भरलेल्या, सड टरारून फुगलेले, आणि बादलीत उतरत होतं ते मांजरालाही पुरलं नसतं. जगेसर दूध काढणारा. त्याच्या बोटांना घट्टे पडले, मनगटं सुजली, त्याने मारुतीला नारळ बोलला. म्हशी जागच्या हलल्या नाहीत.

भोत म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी आजवर चहा सुखाने प्यायलेला आहे. म्हशीला रेडकू दिसल्याशिवाय पान्हा फुटत नाही, आणि तबेलेवाल्याला रेडकू परवडत नाही, कारण ते दूध पितं. यावर शहाण्या माणसांचा तोडगा असतो. रेडकू सुरुवातीला आचळाला लावायचं आणि मग विसरायचं. विसरलेलं रेडकू आपोआप मरतं. हासोमल शेठच्या तबेल्यात रेडकांच्या मरणाबद्दल हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलत: या खेपेला जरा लवकर झालं, एवढंच. मग सोमा यायचा. मेलेल्याचं कातडं सोडवून त्याला मीठ, तुरटी आणि राख चोळायचा, सावलीत वाळवायचा, आत भाताचा पेंढा ठासायचा. बाभळीच्या काटक्यांचे पाय, कोटाच्या बटणांचे डोळे. दाभणाने असं शिवायचा की टाका शोधून सापडू नये. हे पेंढ्याचं पोर म्हणजे भोत. ते म्हशीच्या तोंडाशी उभं करायचं. म्हैस त्याला चाटते, अंग सैल सोडते, आणि खाली बादली भरते.

उल्हासनगर तेव्हा कशाचीही नक्कल करून देत असे. परदेशी पॅन्ट, परदेशी अत्तर, परदेशी घड्याळ, सगळं एका गल्लीत तयार व्हायचं. पण आईला तिचंच पोर नकली बनवून देणारा सोमा एकटाच. त्याच्या हातच्या भोतांच्या कथा निर्वासितांच्या त्या कॅम्पभर चालत. एकदा सरकारी लसवाला आला, ओळीने टोचत टोचत त्याने भोतालाही टोचलं, आणि सुईला पेंढा लागलेला पाहून शेठला म्हणाला, याला वरचा खुराक सुरू करा. एकदा चोराने एक भोत जिवंत समजून रातोरात पळवलं. दुसऱ्या दिवशी परत आणून ठेवलं, आणि जाताना ते खात नाही म्हणून तक्रारही करून गेला.

सोमाला या कौतुकाचं काही नव्हतं. कौतुक करणारे गाढव असतात हे त्याला माहीत होतं. पण म्हशीबद्दलची त्याची तुच्छता मात्र खास, रोज खाऊनपिऊन वाढवलेली होती.

तसं पाहिलं तर म्हशीचं शरीर हे अजब प्रकरण आहे. ती हरियाणातून मालगाडीच्या डब्यात उभ्याने येते. येताना दूध आटवून येते, घरातलं सोनं पुरून निघावं तशी. इथल्या चिकट हवेत तिचे केस झडतात आणि उष्मा नाकपुड्यांनी बाहेर टाकायचं ती आपलं आपण शिकते. डुंबायला डबकं नाही म्हणून स्वतःच्या मुतात बसून अंग गार ठेवते. सिमेंटवर उभं राहून राहून खूर फाकतात, तर चालच बदलून घेते. वैरणीत कमी पडलं तर स्वतःच्या हाडांतला चुना काढून दुधात घालते. एखादी तर इतका घालते की एका सकाळी मान पोटाशी वळवून खाली बसते, कान थंड पडतात, डॉक्टर धावत येऊन शिरेतून बाटली चढवतो. मग ती उठते, चार पावलं अडखळते आणि पुन्हा द्यायला लागते.

हे सगळं सोमाने जवळून पाहिलं होतं आणि त्यावरून एकच अनुमान काढलं होतं: मूर्ख. एवढा काळा डोंगर, आणि अक्कल बोराएवढी. पेंढा चाटते आणि त्याबद्दल बादली भरून देते.

म्हणून धारेच्या वेळी त्याचा नेम ठरलेला होता. भोत टेकवून उभं करायचं, शेजारी उकिडवं बसायचं, विडी पेटवून खोकायचं, आणि म्हशीला शिव्या द्यायच्या. प्रत्येकीची शिवी वेगळी. एकीला सटवी, एकीला भवानी. उजवा कान फाटलेली जी सगळ्यांत दुभती होती, जिला शेठने कौतुकाने महाराणी नाव ठेवलं होतं, तिला सोमा थेरडी म्हणे. "चाट थेरडे, चाट. तुझ्या बापाने पेंढा घातला होता जन्माला."

तर त्या दिवशी घरात न धुतलेला असा एकच सदरा उरला होता, सोमाच्या अंगातला, पडला तेव्हापासूनचा. द्रौपदीचा त्याच्यावरही डोळा होताच. सोमाने तो काढून जगेसरच्या अंगावर भिरकावला आणि उघडाबंब पडून राहिला.

जगेसर गेल्यावर द्रौपदी उंबऱ्यापाशी आली. ती बालवाडीत आया होती. पोरांची नाकं पुसताना तिचा आवाज जसा असे, तसाच तिने लावला. "एवढी वर्षं मी तो वास घराबाहेर ठेवला. आता लोक तो मागायला दारात यायला लागले."

तिचं चुकत होतं असं तिच्या वैऱ्यालाही म्हणता आलं नसतं. सोमाचा बाप गावकीची मेलेली ढोरं ओढत असे. छप्पन साली सगळ्यांनी धर्म बदलला, त्या वर्षी बापाने ढोरं ओढायचा दोर उल्हास नदीत फेकला आणि जवान सोमाला सांगितलं, या कामाला परत हात लावलास तर तो हात माझा नाही. वस्तीतली पोरं शिकली, रेल्वेत, ऑर्डनन्समध्ये, कचेऱ्यांत लागली. सोमाही अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात लागला होता, पण तिथल्या मुकादमाला त्याने तोंडावर गाढव म्हटलं. मुकादम गाढव होता हे सगळ्यांना मान्य होतं. तरी नोकरी सोमाचीच गेली. मग उल्हासनगरात तबेल्यात शेण काढायला लागला. तिथे एक दिवस कुणीतरी अडाणी माणूस भोत शिवत बसला होता. पोतं शिवावं तसं शिवत होता. मान कुठे, पाठ कुठे. सोमाला ते बघवलं नाही. "सर तिकडं, माकडा," असं म्हणून त्याने दाभण हिसकावून घेतलं. बापाच्या शब्दाची आठवण त्याला शेवटचा टाका घातल्यावर झाली. तोवर म्हैस चाटायला लागली होती.

वस्तीत तो सांगे, उल्हासनगरला शिवणकाम करतो. वस्तीला सगळं ठाऊक होतं. विहारात तो मागच्या ओळीत बसे. कुणी बसवत नसे, तोच बसे, आणि तिथून पुढच्यांच्या टकलांची टवाळी करी. घरी आला की द्रौपदी उंबऱ्याबाहेर पाण्याची बादली ठेवी. अंघोळ झाल्याशिवाय आत पाऊल नाही. याबद्दल दोघांत कधी एक शब्द झाला नव्हता. बादलीच बोलत असे.

सदऱ्याने काम अर्धंच झालं. जगेसर पुन्हा आला तो रडवेला होऊन. म्हणाला, सदरा घालून बसलो, महाराणीने वास घेतला, बाही चाटली, सडाच्या टोकाशी दूध आलेलं डोळ्यांनी पाहिलं. मग सवयीने मी तिला म्हटलं, दे माई दे. माई म्हटल्याबरोबर तिने ते परत वर ओढलं. त्या सदऱ्यातून तिला आजवर कुणी माई म्हटलं नव्हतं.

सोमाने त्याला शिव्या शिकवल्या. दोन दिवस शिकवणी चालली. जगेसर प्रत्येक शिवीच्या आधी आणि नंतर देवाची माफी मागायचा, त्यामुळे एकेक शिवी कीर्तनाएवढी लांबायची. वर त्याच्या जिभेला थेरडी यायचं नाही, ठेरडी यायचं. म्हशीने म्हणे त्याच्याकडे असं पाहिलं की याची तब्येत बरी दिसत नाही.

तेव्हा हासोमल शेठ स्वतः दुधाची मॅटाडोर घेऊन आला. फाळणीत सगळं गमावून आलेला, पापड विकून तबेल्याचा मालक झालेला माणूस. तो कुणाच्या दारात उगाच जात नसे. त्याने द्रौपदीला नमस्कार केला, सोमाला दोन माणसांकरवी उचललं आणि दुधाच्या कॅनांमध्ये बसवून घेऊन गेला.

सोमा वाटेत खुशीत होता. इतक्या वर्षांनी मूर्खांना कळलं होतं की भोत नुसतं बनवता येऊन चालत नाही, ते ठेवताही यावं लागतं. मान किती अंशात वळलेली पाहिजे, हे जगेसरला सात जन्मांत उमजणार नव्हतं.

दुपारच्या धारेची वेळ होती. उपड्या कॅनवर प्लास्टरचा पाय लांब करून सोमाला महाराणीशेजारी बसवलं. त्याने भोत तपासलं. त्यात काही दोष नव्हता. त्याने केलेल्यांत ते सगळ्यांत सरस होतं. तरी सगळ्यांच्या देखत त्याने मानेला उगाच जरासा झोक दिला. मग विडी पेटवली, खोकला, आणि म्हणाला, "काय गं थेरडे, माज आला का?"

बादलीत आवाज व्हायला लागला. जगेसरच्या डोळ्यांत पाणी आलं. धार अशी सुटली की त्याला हात बदलायला फुरसत मिळेना.

"बघा," सोमा म्हणाला. "भोत नीट ठेवलं की देते. म्हैस हाय ती. तिला काय कळतंय."

हासोमल शेठ मात्र भोताकडे बघत होता. तो नकली मालाच्या गावातला व्यापारी होता. दुकानातलं नक्की काय खपतंय हे कळल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. तो जगेसरला म्हणाला, "भोत हटाव."

भोत काढलं. महाराणीने तिकडे पाहिलंही नाही. दूध चालूच राहिलं.

"अब भोत रख. सोमा को हटाव."

सोमाला कॅनसकट उचलून गव्हाणीच्या पलीकडे नेलं. भोत परत तोंडाशी आलं, गूळपाण्याने चमकत होतं. महाराणीने नाक वळवलं. धार बारीक झाली, तुटली, थांबली. तबेल्यात एवढी शांतता झाली की पंख्याचा कुरकुर आवाज ऐकू यायला लागला. त्या शांततेत सोमाला खोकला आला. त्याने तो दाबायचा फार प्रयत्न केला, पण विडी ओढणाऱ्याचा खोकला मालकाचं ऐकत नाही. खो करून खोकला बाहेर पडला, आणि फाटका कान गर्रकन त्याच्याकडे वळला. हात न लावता महाराणीच्या चारी सडांतून दूध जमिनीवर गळायला लागलं.

शेठने ते पाहिलं. बाकीच्यांनी पाहिलं. सोमाने शेवटी पाहिलं.

"साईं," हासोमल शेठ म्हणाला, "माल तो तू है. भोत तो खाली पैकिंग है."

सगळा तबेला हसला. जगेसर माळेला हात लावून हसला. वैरण टाकणारे हसले, शेण काढणारे हसले. आणि एक जण म्हणाला, म्हणजे इतके दिवस थेरडीचं रेडकू विड्या ओढत होतं. ते नाव त्याला तिथल्या तिथे चिकटलं.

संध्याकाळी घरी आणून टाकल्यावर सोमा भिंतीकडे तोंड करून पडला. द्रौपदीला मॅटाडोरवाल्याने बाहेर सगळं सांगितलंच होतं. ती आत आली आणि त्याच्या पायथ्याशी बसली. थोबाड लपवलेल्या नवऱ्याकडे पाहून ती हसेल असं त्याला वाटलं; हसण्याचा हक्क तिचा होता. ती हसली नाही.

"मेलेल्यात पेंढा भरत बसलात," ती म्हणाली, "आणि ती जित्याकडं बघत होती."

"म्हस बिघडलीय ती," सोमा भिंतीला म्हणाला.

माणसाने इथेच शहाणं व्हावं अशी अपेक्षा असते. सोमाची एवढी उमर गेली होती दुसऱ्यांचा मूर्खपणा मोजण्यात. स्वतःचा ओळखायची सवय कुठून असणार? पाय बरा झाल्यावर तो कामावर गेला. शेठने त्याच्यासाठी मधोमध स्टूल ठेवलं होतं. काम काही नाही, बसायचं, विडी ओढायची, शिव्या द्यायच्या. पगार तोच. जगात अशी नोकरी दुसऱ्या कुणाला मिळालेली ऐकिवात नाही. आणि सोमाने त्या स्टुलाला लाथ घातली.

मी कारागीर हाय, तो म्हणाला. रेडकू नाय. माझ्या हातचं भोत बघून द्यायचं असेल तर द्या म्हणावं, नायतर सडा.

आणि त्याने तोंड मिटलं. भोतं शिवत होता, नेऊन ठेवत होता, पण मुक्याने. विडी सोडली. खोकला आला की तबेल्याबाहेर पळत जाई, फाटकाच्या आड उभा राहून खोकून येई. धारेच्या वेळी शिवी देत नसे की खाकरत नसे. म्हशी त्याच्याकडे माना वळवून उभ्या राहत. ऐन रवंथ थांबवून, कान पुढे करून, वाट बघत. त्याला ते दिसायचं. त्याची जीभ टाळ्याला चिकटून वळवळायची. पण त्याने मनाशी पण केला होता की या काळ्या दगडांना तो कातड्यात शिवलेल्या पेंढ्याची किंमत करायला लावेल.

त्यांनी केली नाही. त्यांनी आटायला सुरुवात केली. न काढलेलं दूध शरीर परत पिऊन टाकतं. मागणारं कुणी नाही असं एकदा त्याला वाटलं, की ते दुकान बंद करायच्या तयारीला लागतं. जगेसर पाया पडला. सोमा मुका. शेठने दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा समजावलं नाही. एका सकाळी तो स्टीलच्या डबीत काचेची पिचकारी आणि बिनचिठ्ठीची छोटी बाटली घेऊन आला.

"आदमी का पैर टूटता है," तो म्हणाला, "आदमी रूठता है. सुई नहीं रूठती."

मानेत टोचलं, चहा गाळेपर्यंत दूध उतरलं. रेडकू नको, भोत नको, सोमा नको. म्हशीला द्यायचंय का, हा प्रश्नही नको. त्या दुपारी सोमाची भोतं ओळीने उकिरड्यावर पडली होती, कोटाची बटणं आभाळाकडे लावून. कारागिराला स्वतःच्या कारागिरीचं वाईट वाटायला हवं होतं. सोमाने त्यांच्याकडे पाहिलं, आणि पाहताना पहिल्यांदाच त्याला तो नुसता पेंढा दिसला. तो जाताना महाराणीच्या गव्हाणीवरून गेला. तिने कान फिरवला. तो तोंड मिटूनच गेला. हट्ट म्हणजे हट्ट.

द्रौपदीने बादली उंबऱ्यावरून उचलून मोरीत ठेवली. तिने कुणाला पेढे वाटले नाहीत एवढंच.

मग वर्षं गेली. बदलापूर वाढायला लागलं. सोनिवलीकडे शेतांत इमारती उगवल्या आणि सोमा त्यातल्या एका अर्धवट इमारतीवर वॉचमन झाला. तिथे त्याला तुच्छतेसाठी नवा माल भरपूर मिळाला. माळ्यावर माळा रचून माणसं स्वतःसाठी तबेला बांधतात, त्याला गार्डन म्हणतात, आणि त्याच्या हप्त्यासाठी रोज पहाटे स्वतःला पिळून घेतात, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. फ्लॅट बघायला आलेली कितीतरी गिऱ्हाईकं त्याच्यामुळे परत गेली असतील. जगेसर कधीमधी भेटायला येई. त्याच्याकडून कळे, की म्हशी आता पिचकारीच्या डबीचा आवाज झाला तरी थरथरतात. सुईची मात्रा दुप्पट झाली, मग तिप्पट. मग त्यांची शरीरं सुईलाही जुमानेनाशी झाली. गाभ धरत नाहीत, लवकर आटतात, शेठ लवकर काढून टाकतो. आटलेल्या म्हशी टेम्पोत चढवतात. त्या कुठे जातात हे तबेल्यात कुणी विचारत नाही.

एका उन्हाच्या दुपारी असाच एक टेम्पो सोनिवलीच्या वळणावर पंक्चर होऊन थांबला. ड्रायव्हर स्टेपनी काढत होता. मागे फळ्यांच्या आत म्हशी एकमेकींत कोंबलेल्या होत्या. सोमा काठी घेऊन सावकाश तिकडे गेला, दुसऱ्याचं पंक्चर बघायला जावं तसा. फळ्यांच्या फटीतून त्याला आधी फाटका कान दिसला.

बाकी ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. बरगड्या मोजून घ्याव्यात, डोळे आत गेलेले, मानेवर टोचून टोचून कातडं दगड झालेलं. सोमाने काठी फळीला टेकवली. मग खोकला.

"काय गं थेरडे," तो म्हणाला. "अजून मेली नाहीस?"

कान वळला. इतक्या गर्दीत मान वळवायला जागा नव्हती, तरी तिने ती वळवली. शेजारणीला शिंग लागलं, ती हंबरली. फळ्यांच्या फटीतून खरखरीत जीभ बाहेर आली आणि तिने सोमाची मनगटाशी असलेली बाही चाटायला सुरुवात केली. सोमाने हात मागे घेतला नाही.

खाली रस्त्यावर धुळीत टप्प करून काहीतरी पडलं. मग आणखी. टेम्पोच्या फळीतून पांढरी बारीक धार गळायला लागली होती.

ड्रायव्हर पाना हातात घेऊन वाकून बघायला लागला. "अरे, सेठ तो बोला था ये कब की सूखी है," तो म्हणाला. दुभती म्हैस म्हणजे वेगळा भाव, वेगळं गिऱ्हाईक. त्याच्या चेहऱ्यावर हिशेब सरकला. "चाचा, जानकार दिखते हो. गाँव में किसी को दे दूँ तो देगी क्या दूध?"

सोमाने नुसतं देईल म्हटलं असतं तर भागलं असतं. आयुष्यभर नकली माल पुढे केलेला माणूस. एक शब्द खोटा जाता तर गाव बुडालं नसतं. पण आठवड्यात दगाफटका कळला असता, आणि थेरडी पुन्हा याच टेम्पोत चढली असती, हेही त्यालाच ठाऊक होतं.

"देईल," तो म्हणाला. "मी असलो तर."

ड्रायव्हर हसला. "तुम? तुम कौन लगते हो उसके?"

सोमापाशी प्रत्येक माणसासाठी एक शिवी तयार असे. ड्रायव्हरसाठीही असणार. ती आली नाही. त्याच्याजवळ ना गोठा होता, ना वैरण, ना परक्या जागेवर दावं बांधायची मुभा. त्याच्याजवळ काठी होती आणि ओली बाही होती. चाक बसलं. टेम्पो धूळ उडवत वळणाआड गेला, आणि तो दिसेनासा झाल्यावरही सोमा तिथेच उभा राहून खोकत होता. मोठ्याने, पुन्हा पुन्हा, ऐकू जाईल असा.

संध्याकाळी तो घरी आला आणि आत जायच्याऐवजी उंबऱ्याबाहेर बसला, पूर्वी बसायचा तसा. द्रौपदीने पाहिलं. काही न विचारता मोरीतली बादली भरून आणली.

"नको," सोमा म्हणाला.

तिने बाहीकडे पाहिलं. वाळून कडक झाली होती, पांढरट डाग पडले होते. वास तिला इतक्या वर्षांनीही लगेच कळला. मग बादली परत आत घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी धुण्याचा वार होता. पलंगपोस, टॉवेल, बालवाडीची फडकी, सोमाचा लेंगा, सगळं सोड्याच्या पाण्यात पडलं. दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत भरली. आत खुंटीवर एक सदरा तेवढा तसाच लटकत होता.